कल्याण कॅम्पच्या बराकींचं पुढे काय झालं? उल्हासनगरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उल्हासनगरच्या कॅम्प ४ चा. मराठी घरातला, पण लहानपण सगळं सिंधी शेजारात गेलं, आणि बाहेर कुठेही पत्ता सांगितला की समोरचा दोन प्रश्न हमखास विचारतो, एक म्हणजे कॅम्प म्हणजे काय आणि दुसरा म्हणजे हा बीके नंबर काय असतो. इतकी वर्षं तेच तेच सांगत आलोय म्हणून म्हटलं एकदाचं सगळं नीट लिहून टाकू. बराकी वरून साध्या दिसायच्या, पण एकाच भिंतींमध्ये आधी फौज, मग निर्वासित, मग कारखाने आणि मग आख्खं शहर राहून गेलंय, आणि ते शहर आजही त्या बराकींच्याच मापात चालतंय.

पत्त्यात "बीके नं." लिहितात ते काय असतं?

बीके म्हणजे बराक. उल्हासनगरचा जुना पत्ता असा असतो: बीके नं. अमुक, रूम नं. तमुक, जवळ कुठला तरी चौक किंवा मंदिर, उल्हासनगर ४. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेने बराकींवर नंबर टाकले होते, ते नंबर पत्त्यात राहिले. बराक पाडली, तिथे चार मजली इमारत आली, खाली मोबाईलचं दुकान आलं, तरी लाइट बिलावर आणि रेशन कार्डवर बराकीचा नंबर आहेच. काही पत्त्यांत बीकेच्या जागी ब्लॉक नंबर असतो, तोही त्याच काळापासून चालत आलेला.

आणि नुसत्या बराकीच नाही, आख्खे कॅम्प टिकलेत. ५ कॅम्प होते, आज उल्हासनगर १ ते ५ आहे, पिनकोडसुद्धा ४२१००१ ते ४२१००५ असेच ओळीने. रिक्षावाल्याला "चार नंबर" म्हटलं तरी पुरतं. त्या खाली सेक्शन, सेक्शन १७, मराठा सेक्शन वगैरे. पोस्टमन, कुरियरवाला, लग्नाची पत्रिका, सगळ्यांचं काम अजून फौजेच्या आकड्यांवर चाललेलं आहे.

मुळात बराक हा शब्द कुठला? जेलमध्ये पण बराक असते ना?

हो, जेलमध्येही बराकच म्हणतात. शब्द युरोपातून आला, फ्रेंच बराक, त्याच्या मागे स्पॅनिश-कॅटलान बर्राका, अर्थ साधी झोपडी. इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि मराठीत अगदी रुळला, कोणी बराक म्हणतं, कोणी बॅरेक, आमच्याकडे म्हातारी माणसं ब्यारक म्हणायची. पुष्कळ माणसं एका छपराखाली ओळीने झोपवायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फौज असो, कैदी असोत नाहीतर निर्वासित, शब्द बदलत नाही.

हा कॅम्प कल्याणलाच का बांधला?

रेल्वेमुळे. दुसरं महायुद्ध चालू होतं, मुंबई बंदरात सैनिक उतरायचे आणि तिथून देशभरात पाठवायचे असायचे, काही उलट दिशेने परत जाणारे. कल्याणला रेल्वे १८५४ पासून आहे आणि लाइन इथेच फुटते, एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे म्हणजे उत्तरेला, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे म्हणजे दक्षिणेला. जो माणूस इथे आणून ठेवला त्याला कुठल्याही दिशेला पाठवता येतं. आज नकाशा बघितलात तर लगेच कळेल, शहाड कसारा लाइनवर, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर स्टेशन कर्जत लाइनवर, आणि शहर त्या बेचक्यात वसलंय, शिवाय कर्जत लाइन ओलांडून पलीकडेही पसरलंय. जोडीला मोकळी जमीन होती आणि पाण्याला उल्हास नदी होती. म्हणून कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प इथे उभा राहिला. ट्रान्झिट म्हणजे मुक्काम करायचा आणि पुढे जायचं, इथे कायमचं कोणी राहावं हा विचार बांधणाऱ्यांच्या मनात कधी नव्हता, आणि पुढची सगळी गोष्ट समजून घ्यायची तर हे एवढं डोक्यात ठेवा.

किती मोठा होता कॅम्प?

६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसं राहतील असा. बराकी २,१२६ आणि शिवाय १,१७३ क्वार्टर्स, हे आकडे उल्हासनगरच्या इतिहासात सगळीकडे येतात.

कॅम्पच्या आधी इथे काय होतं? ओसाड जमीन होती ना?

"ओसाड माळरान होतं" हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता त्रास होतो. आजूबाजूला म्हारळ, शहाड, आशेळे, माणेरे ही गावं आधीपासून आहेत, लोक राहत होते, शेती करत होते, गुरं चारत होते. युद्धाच्या नावावर सरकारने या पट्ट्यात जमिनी घेतल्या आणि त्याची जखम अजून भरलेली नाही. जवळच नेवाळीला युद्धाच्या काळात विमानांची धावपट्टी केली होती, त्यासाठी शेतकऱ्यांची जमीन गेली, आणि ती परत द्या म्हणून जून २०१७ मध्ये तिथे केवढं मोठं आंदोलन झालं, रस्ते अडवले, गाड्या जाळल्या, पोलिसांशी चकमक झाली. ७५ वर्षांनंतरसुद्धा तिथल्या माणसासाठी युद्ध संपलेलं नाही. आम्ही कॅम्पवाले निर्वासितांची गोष्ट नेहमी सांगतो आणि ती सांगायलाच हवी, पण ज्यांची जमीन फौजेने घेतली त्यांची गोष्टही याच जमिनीची आहे.

या बराकी आतून कशा होत्या?

लांबलचक एकमजली इमारत, मध्ये मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, बहुतेक बराकी अशाच. डोक्यावर दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर. हॉलमध्ये आडवी भिंत नाही कारण खाटांच्या रांगा लावायच्या होत्या. संडास, नळ, मोरी आत काही नाही, ते सगळं बाहेर सामायिक. घर म्हणून बघितलं तर अशी जागा अगदीच गैरसोयीची, पण कापायला एकदम सोपी, कारण लांब हॉलमध्ये जिथे पडदा टाकाल तिथे खोली तयार होते. हेच पुढे झालं.

पुण्याच्या किंवा देवळालीच्या कॅन्टोन्मेंटमधल्या बराकींसारख्याच का?

नाही, खूप फरक आहे आणि लोक नेहमी गल्लत करतात. जुन्या छावण्यांमधल्या बराकी कायमच्या म्हणून बांधलेल्या. १८५७ नंतर इंग्रज सरकारने चौकशी केली की हिंदुस्थानात आपले गोरे शिपाई इतके मरतात कशाने, त्या कमिशनचा रिपोर्ट १८६३ मध्ये आला, त्यात वर्षाला हजारी ६९ मृत्यू असा आकडा होता, आणि ते बहुतेक लढाईत नाही तर कॉलरा, ताप, हगवण यांनी मेलेले. फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी त्या कामात फार लक्ष घातलं होतं. त्यानंतर उंच छत, रुंद व्हरांडे, हवा वर निघून जाईल अशी झरोक्यांची छपरं, माणसामागे ठरलेली जागा असे नियम आले. देवळालीचा कॅम्पही मुंबईला उतरलेल्या फौजेसाठीच होता पण तो मिलिटरीकडेच राहिला, फाळणीनंतर तोफखान्याचं स्कूल पाकिस्तानात गेलेल्या काकूलहून तिथे आलं आणि आजही आहे.

कल्याणचा कॅम्प म्हणजे युद्धातली घाई. वेळ कमी, माणसं जास्त. त्या बराकींना शंभर वर्षांचं आयुष्य कोणी मोजलंच नव्हतं.

युद्ध संपल्यावर कॅम्पचं काय झालं?

रिकामा पडला. सैनिक गेले, बराकी तशाच उभ्या. हा काळ फार मोठा नव्हता, दोन-अडीच वर्षं धरा.

मग सिंधी लोकच इथे का आले?

पंजाब आणि बंगाल फाळणीत तुटले, म्हणजे त्यांचा अर्धा भाग भारतात राहिला. सिंध तुटलाच नाही, तो आख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना "आपल्या भाषेचा इकडचा भाग" असा काही उरलाच नाही, पंजाबी माणूस अमृतसरला आला तरी पंजाबातच आला, सिंधी माणूस जिथे गेला तिथे परकाच. सुरुवातीला बरेच जण राहिले होते पण जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि मग लोंढे निघाले, कोणी बोटीने मुंबईला, कोणी खोखरापार-मुनाबाव मार्गे रेल्वेने राजस्थानात. कराची-मुंबई हा बोटीचा जुना रस्ता आणि तेव्हा सिंधच्या व्यापाऱ्यांचे मुंबईशी संबंधही जुने, सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबई सरकारकडे एवढ्या माणसांना ठेवायला तयार छप्पर कुठे होतं, तर ते कल्याणला होतं, रेल्वेच्या कडेला, नंबर टाकलेलं आणि रिकामं.

१ लाखाच्या वर माणसं आली. आता हिशोब करा, कॅम्प बांधला ३६ हजारांसाठी आणि आली जवळजवळ तिप्पट, क्वार्टर्स सोडून नुसत्या बराकींवर वाटली तरी एका बराकीत सत्तेचाळीस माणसं येतात. यात अगदी म्हाताऱ्या माणसांपासून पाळण्यातल्या मुलापर्यंत सगळे.

एका बराकीत इतकी कुटुंबं राहायची कशी?

हा प्रश्न मी स्वतः लहानपणी शेजारच्या आजींना विचारला होता. त्या हैदराबादच्या, म्हणजे सिंधमधल्या, आणि इथे आल्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, उठल्या, आणि आपल्या खोलीत पावलं टाकून दाखवली, इथून इथपर्यंत आम्ही नऊ जण. मग हात वर करून दाखवलं की इथे दोरी होती आणि दोरीवर गोणपाट, आणि गोणपाटाच्या पलीकडे दुसरं बिऱ्हाड. पुढे गोणपाटाच्या जागी साडी आली, साडीच्या जागी फळ्या-पत्रे आले, मग विटेची भिंत आली पण अर्धीच, छपरापर्यंत न गेलेली, त्यामुळे दिवा एकाने लावला की उजेड दोघांना मिळायचा आणि खोकला एकाला आला की आख्ख्या बराकीची झोप जायची. मला त्या खोलीचं वरचं टोक अजून आठवतं, भिंत संपल्यावर वर काळोख आणि छपराचं लाकूड आख्ख्या बराकीतून एकसारखं गेलेलं, चार घरांच्या डोक्यावरून तोच एक वासा.

टोकाच्या खोल्या ज्यांना मिळाल्या ते नशीबवान, कारण त्यांना तीन बाजूंनी भिंत होती. मधल्यांना नाही. पाण्यासाठी बाहेर रांग, संडासला रांग, रेशनला रांग. ज्यांचे तिकडे मोठे वाडे होते, नोकरचाकर होते, ते आणि ज्यांचं काही नव्हतं ते एकाच रांगेत उभे. लग्नं पण त्यातच झाली, बाळंतपणं त्यातच झाली, नव्या जोडप्यासाठी शेजारी काही रात्री बाहेर अंगणात झोपायचे असं आजी सांगायच्या आणि सांगताना लाजायच्या नाहीत, उलट अभिमानाने सांगायच्या की तेवढी माणुसकी होती.

मुलं बराकीत शिकली, कारण काही बराकीत शाळा भरायच्या. दवाखाने बराकीत, देवळं बराकीत, गुरुद्वारा आणि दरबार, म्हणजे सिंधी लोकांची प्रार्थनेची जागा, तेही बराकीत. म्हणजे फौजेने बांधताना एकच नमुना वापरला होता आणि लोकांनी त्या एका नमुन्यात आख्खं गाव बसवलं.

उल्हासनगर हे नाव कधी पडलं?

८ ऑगस्ट १९४९. तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते, त्यांनी कोनशिला बसवली आणि नाव दिलं उल्हासनगर. जवळून उल्हास नदी वाहते आणि उल्हास म्हणजे आनंद. घरदार सोडून आलेल्या, गोणपाटामागे राहणाऱ्या माणसांच्या वस्तीला आनंदाचं नाव देणं काहींना तेव्हा बोचलंही असेल, मला मात्र ते नाव मनापासून आवडतं. हल्ली ८ ऑगस्ट हा शहराचा स्थापना दिवस म्हणून पाळतात. पण सांगू का, अजूनही कल्याण-डोंबिवलीची जुनी माणसं "कॅम्पात जाऊन येतो" असंच म्हणतात.

सरकारी बराक माणसांच्या मालकीची कशी झाली?

थोडक्यात सांगतो कारण हा विषय वकिलांचा आहे. १९५४ मध्ये निर्वासितांच्या नुकसान भरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्राचा कायदा आला. तिकडे काय मागे राहिलं याचे लोकांनी क्लेम टाकले होते, त्या बदल्यात किंवा किंमत भरून राहती जागा त्यांच्या नावावर करून द्यायची अशी ती पद्धत. त्यातून सनद (सरकारने दिलेला मालकीचा कागद) आणि कन्व्हेयन्स डीड (जागा नावावर करून दिल्याचा दस्त) हे दोन शब्द उल्हासनगरच्या बोलीत आले. इथे जागेचा व्यवहार म्हटलं की पहिला प्रश्न असतो, सनद आहे का? तो कायदा २००५ मध्ये रद्द झाला पण कागदांचं महत्त्व कमी झालं नाही.

तुमच्या आजोबांच्या वेळचा कागद घरात असेल तर कृपा करून जपा. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात कायमचा अडकतो आणि खराब होतो. स्कॅन करून ठेवा आणि मूळ कागद सुक्या जागी सपाट ठेवा. सनदेत खोलीचं माप काय आहे आणि आज तुम्ही किती जागा वापरता हे दोन वेगळे आकडे असू शकतात, सगळी भांडणं त्या फरकातच आहेत.

बराकीत धंदे कसे सुरू झाले?

पोटासाठी. सिंधी माणसाने सरकारी मदतीवर फार दिवस काढले नाहीत. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, पुरुषांनी आणि पोरांनी लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं, पेन्सिली, कंगवे विकले. मग बराकीच्या पुढच्या दाराशी एक फळी टाकली की दुकान, मागे संसार. मग मागचा संसार पोटमाळ्यावर गेला आणि खाली मशीन आली. फर्निचर, कपडा, इलेक्ट्रॉनिक्स, कन्फेक्शनरी, जीन्स, सगळं असंच उभं राहिलं. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार ही नावं मुंबईपर्यंत माहीत आहेत, लग्नाची खरेदी करायला लोक लांबून येतात.

बराकीचा हॉल इथे पुन्हा कामाला आला. शिलाई मशिनी एका ओळीत लावायला लांब जागा लागते, जिथे खाटांची ओळ होती तिथेच मशिनींची ओळ बसली. कॅम्प ५ मध्ये एका जुन्या जागेत मी जीन्सचं काम बघितलंय, एका टोकाला कापडाचे तागे, मग कटिंगचं लांब टेबल, मग शिलाई, मग बटण आणि रिव्हेट मारायचं, आणि दुसऱ्या टोकाच्या खोलीत इस्त्री आणि पॅकिंग. माल एका दारातून आत येतो आणि दुसऱ्या दारातून पँट होऊन बाहेर जातो. फौजेच्या इंजिनिअरने आखलेलं माप कारखान्याला इतकं चपखल बसेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. जीन्स धुवायच्या आणि रंगवायच्या युनिटचं मात्र वाईट झालं, त्यांचं रंगीत पाणी वालधुनी नदीत जायचं, नदीची पार गटार झाली, शेवटी ते बंद करायचे आदेश निघाले. कारागिरांची रोजी गेली याचं दुःख आहे, पण नदीचंही तेवढंच आहे, दोन्ही खरं आहे.

"मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हे खरंय का?

ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि सांगून लोक हसतात. नकली माल इथे झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या एका वाक्यात आख्ख्या शहराला गुंडाळून टाकणं मला मान्य नाही. ज्या माणसांकडे भांडवल नव्हतं, जमीन नव्हती, स्वतःच्या भाषेचं राज्य नव्हतं (सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यायलाही १० एप्रिल १९६७ उजाडला), त्यांनी एका फौजी बराकीच्या नऊ जणांच्या कोपऱ्यातून उद्योग उभा केला आणि पुढे यूपी, बिहार, बंगालमधून आलेल्या आणि आमच्यासारख्या मराठी घरांतल्या कितीतरी माणसांना काम दिलं. माझ्या घरातल्या तिघांचं पहिलं पाकीट कॅम्पातल्या गाळ्यातलं आहे. म्हणून ते वाक्य ऐकलं की मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

मग बराकी गेल्या कुठे? आता तर सगळ्या बिल्डिंगाच दिसतात.

एकदम गेल्या नाहीत, एकेक घर करून गेल्या. बराक एक पण मालक आठ-दहा, मग एकाने आपली खोली पाडून दोन मजले चढवले, शेजाऱ्याचं कौल अजून तसंच, मग त्यानेही चढवले. म्हणून उल्हासनगरमध्ये अरुंद आणि उंच घरं एकमेकांना खेटून दिसतात, प्रत्येकाची रुंदी जवळपास तेवढीच, कारण ती गोणपाटाच्या पडद्याने ठरवलेली रुंदी आहे. आणि दोन बराकींच्या मध्ये जेवढं अंतर फौजेने सोडलं होतं तेवढीच आज गल्ली आहे, तीसुद्धा पायऱ्यांनी आणि ओट्यांनी खाल्लेली. २०११ च्या जनगणनेत इथे ५ लाख ६ हजार माणसं होती, आणि शहर साधारण १३ चौरस किलोमीटरचं. जागाच नाही, मग वर जाण्याशिवाय करायचं काय.

वर जाताना परवानग्या कोणी बघितल्या नाहीत. हायकोर्टाने ८५५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, शहरात हाहाकार झाला, आणि २००६ मध्ये राज्य सरकारने फक्त उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करायचा वेगळा कायदा केला. एका शहरासाठी वेगळा कायदा, कारण इथली कागदपत्रंच कॅम्पाची आहेत, इतर गावांसारखी नाहीत. पण नियमित करणं आणि मजबूत करणं यात फरक आहे. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं दगावली. त्या रात्री मी जागा होतो, आमच्या गल्लीत सगळेच जागे होते, जो तो आपल्याच छताकडे बघत बसलेला. म्हणून हात जोडून सांगतो, नव्वदच्या दशकातली इमारत असेल, स्लॅबमधून लोखंड दिसत असेल, टॉयलेटच्या खाली ओल असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, भाडेकरू-मालक वाद नंतर मिटवा.

महाराष्ट्रात अशी दुसरी उदाहरणं आहेत का?

आहेत. पिंपरीत अजून "पिंपरी कॅम्प" म्हणतात, चेंबूरलाही कॅम्प आहे, तिथेही निर्वासित आले. पण सगळ्यात विलक्षण म्हणजे कोल्हापूरजवळचं वळिवडे. तिथल्या बराकी सैनिकांच्या नव्हत्या, पण नमुना तोच. १९४३ मध्ये तिथे पोलंडचे निर्वासित आणले, साधारण ५,०००, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने १९४०-४१ मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते आले आणि पार कोल्हापूरच्या उसाच्या मुलखात येऊन पोचले. त्यांनी वळिवड्याला शाळा, चर्च, दुकानं, थिएटर सगळं उभं केलं. जामनगरजवळच्या बालाचडीतली पोलिश मुलंही तो कॅम्प बंद झाल्यावर १९४६ मध्ये इथेच आली. १९४८ पर्यंत पोलिश लोक गेले, आणि त्याच बराकींत लगेच सिंधी निर्वासित आले! आज ते गांधीनगर आहे, कपड्याची मोठी होलसेल पेठ. एकाच छपराखाली आधी पोलंडची आणि मग सिंधची माणसं आपापल्या गावाच्या आठवणीने रडली असतील, हे मनात आलं की मला अजून गलबलून येतं. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचं स्मारक आहे, गेलात तर जरूर बघा.

उल्हासनगरमध्ये एखादी बराक जपून ठेवायला नको का?

हवी, आणि लवकर हवी. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या इंग्रजांच्या ४ बराकींमध्ये जानेवारी २०१९ मध्ये म्युझियम झाली, त्यात एक नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं आहे. डब्लिनमधली अठराव्या शतकाच्या सुरुवातीची कॉलिन्स बराक १९९७ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय म्युझियमचा भाग आहे. त्या दगडी, देखण्या इमारती आहेत, त्यामुळे जपायचं लगेच सुचतं. आमच्या बराकी दिसायला काहीच नाहीत आणि म्हणूनच कोणाला सुचत नाही. पण माझ्या डोक्यात भव्य काही नाहीच. एक बराक, निम्मी फौजेच्या वेळेसारखी मोकळी आणि निम्म्यात दोरी बांधून गोणपाट टाकलेले, प्रत्येक भागात एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक सिंधी लोकांच्या झुलेलाल देवाचा फोटो. तिथे शाळेतल्या पोरांना आणायचं आणि नऊ जणांना एका भागात उभं करायचं. बाकी काही समजावून सांगायची गरज नाही. अडचण एकच, बराक म्हणून बराक कोणा एकाची उरलेली नाही, आठ दारं आणि आठ सह्या लागतात.

मला जुनी बराक बघायची आहे, कुठे जाऊ?

ठरलेलं ठिकाण नाही, शोधावी लागते. विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर स्टेशनला उतरा, पश्चिमेला ३ नंबर, पूर्वेला ४ नंबर, आणि मेन रोड सोडून आतल्या गल्लीत शिरा. शहाडला उतरलात तर १ नंबर जवळ. सकाळी दहाच्या आत जा, दुकानं उघडायच्या आधी, म्हणजे बोर्ड आणि ताडपत्र्या नसतात आणि भिंती दिसतात. दोन बिल्डिंगांच्या मध्ये मान वाकवल्यासारखं एखादं बुटकं उतरतं छप्पर दिसलं की थांबा. बाजूने बघा, जाड भिंत, त्यात बुजवलेली खिडकी, ती खिडकी एका घरात अर्धी आणि दुसऱ्यात अर्धी असते, कारण नवी भिंत तिच्या मधोमध आली. लोकांच्या घराचे फोटो न विचारता काढू नका, ते त्यांचं राहतं घर आहे. विचारलंत तर बहुतेक जण आत बोलावतात, पाणी देतात आणि म्हातारं कोणी असेल तर तासभर सोडत नाहीत.

आमच्या आजी गेल्या तेव्हा त्यांची खोली पोराने पाडून बांधली, ते बरोबरच होतं, छप्पर गळत होतं. पाडताना दाराच्या चौकटीवरचे रंगाचे थर खरवडले, हिरवा, मग निळा, मग चुना, आणि सगळ्यात खाली काळ्या रंगात साच्याने मारलेला नंबर. त्याने तेवढा लाकडाचा तुकडा कापून घेतला आणि नव्या दारावर ठोकलाय, पोस्टमन अजून त्याच नंबरवर येतो.